पाच सेंटिमीटर सरकलेली गाठ

(पडद्यावर: मेंदूचे एमआरआय, एकामागून एक. कोपऱ्यात साल.)

2008. मूळचे चीनचे, पण बरीच वर्षं पूर्व इंग्लंडमध्ये राहणारे एक गृहस्थ. वय पन्नाशीचं. डोकं दुखतंय, फिट येतायत, भलतेच वास येतायत. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला बारीक कड्यांचा पुंजका दिसतो.

असा फोटो आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टसमोर आला, तर पहिल्या दोन शंका ठरलेल्या: टीबीची गाठ, नाहीतर डुकराच्या फीतकृमीची अळी. तिथल्या डॉक्टरांनीही टीबी तपासला. एचआयव्ही, सिफिलिस, गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम डिसीजही. सगळं निगेटिव्ह. बायोप्सीत सूज दिसली, कॅन्सर नाही.

(2008 आणि 2012 चे फोटो शेजारी शेजारी.)

आता हे दोन फोटो बघा. उजवीकडचा डाग डावीकडे आलाय. चार वर्षांत निदान पाच सेंटिमीटर, तेही मेंदूतून! कॅन्सरची गाठ वाढते, पसरते. बिऱ्हाड हलवत नाही.

2012 मध्ये केंब्रिजच्या अॅडनब्रुक्स रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. बाहेर निघाली सेंटिमीटरभर लांबीची, फितीसारखी अळी. ब्रिटनमध्ये असा रुग्ण याआधी नोंदलाच गेला नव्हता, मग ती ओळखणार कोण? जनुकांवर संशोधन करणाऱ्या सँगर इन्स्टिट्यूटने तिचा डीएनए वाचला, तेव्हा नेमकी जात पक्की झाली: स्पायरोमेट्रा नावाच्या फीतकृमीची. 2014 मध्ये तिचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला. जंतांवरचं नेहमीचं अल्बेंडाझोल हिच्यावर कदाचित चालणार नाही, असा अंदाज त्यातून निघाला.

हा कृमी मोठा होतो कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात. अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, तिथे सायक्लॉप्स नावाचे पाण्यातले अगदी बारीक जीव त्यांतून निघालेल्या अळ्या गिळतात. नारूच्या काळात आपल्याकडे पाणी गाळून प्यायला सांगायचे, ते याच सायक्लॉप्सपायी. सायक्लॉप्समधून अळी पुढे बेडूक, साप यांच्यात जाते. माणूस यात चुकून सापडतो: असं पाणी पिऊन, बेडकाचं किंवा सापाचं कच्चं मांस खाऊन, किंवा दुखऱ्या डोळ्यावर कच्च्या बेडकाचा लेप लावून. चीनमध्ये हा जुना घरगुती इलाज आहे. माणसात अळीची वाढ पुरी होत नाही. ती नुसती भटकत राहते, वर्षानुवर्षं.

हे गृहस्थ अधूनमधून चीनला जाऊन येत. अळी नेमकी कुठल्या फेरीत अंगात शिरली, ते कळलं नाही. दवाखान्यात विचारतात, "इतक्यात कुठे बाहेरगावी गेला होतात का?" या आजारात त्या 'इतक्यात'ची हद्द बरीच मागे न्यावी लागते.