पांढऱ्या झेंड्याचा घोळ झाला आणि पोर्तुगालची राजेशाही गेली

तर मंडळी, ४ ऑक्टोबर १९१०, पहाटेची वेळ, पोर्तुगालची राजधानी लिस्बन. अव्हेनिदा नावाच्या मोठ्या रस्त्याच्या वरच्या टोकाला रोटुंडा हा चौक, आणि तिथे राजाविरुद्ध बंड केलेले सैनिक आणि त्यांच्याबरोबर मिळेल ती बंदूक घेऊन आलेली साधी माणसं, असे काहीशे जण अडथळे उभारून बसलेत. त्यांचे ऑफिसर मीटिंग घेतात, ठरवतात की बंड फसलं, आता काही खरं नाही, आणि चक्क निघून जातात!

तसं त्यांचंही चुकलं नव्हतं म्हणा. बंडाचे एक मोठे नेते डॉक्टर मिगेल बोंबार्दा, मनोरुग्णांचे डॉक्टर, त्यांना आदल्याच दिवशी त्यांच्याच एका पेशंटने गोळी घातली होती. दुसरे नेते ॲडमिरल कांदिदो दोस रेइस, त्यांना वाटलं सगळं संपलं, म्हणून त्यांनी त्याच पहाटे स्वतःला संपवलं. मग चौकात उरलं कोण? मशादो सांतोस. नौदलातला माणूस, पण लढणारा नाही, हिशेब आणि पुरवठा बघणारा. तो म्हणाला मी हलणार नाही, आणि खरंच हलला नाही. हे नाव लक्षात ठेवा, याचं पुढे फार वाईट झालं.

आता राजेशाही एवढी पोकळ का झाली होती ते बघू. आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला अंगोला पोर्तुगालचा, पूर्वेला मोझांबिक पोर्तुगालचा, मधला पट्टाही आमचाच असं म्हणत यांनी नकाशावर तो गुलाबी रंगवून टाकला होता. जानेवारी १८९० मध्ये ब्रिटनने सरळ धमकी दिली, सैन्य मागे घ्या नाहीतर बघून घेतो. आणि पोर्तुगालने घेतलं मागे. राजा कार्लोसला गादीवर बसून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते, पण सगळा राग त्याच्यावर निघाला. त्या संतापात लिहिलेलं गाणं आज पोर्तुगालचं राष्ट्रगीत आहे.

त्यानंतर दोन वर्षांत सरकारचं दिवाळं वाजलं, दोन पक्ष आळीपाळीने सत्तेत येत होते, आज तू उद्या मी, आणि त्यात बाहेर आलं की राजघराण्याला तिजोरीतून गुपचूप ॲडव्हान्स दिले जातायत. लोकांच्या डोक्यात जाणारच ना. मग १९०७ मध्ये पंतप्रधान जुआंव फ्रांको यांनी संसदच बाजूला ठेवून कारभार सुरू केला, तोही राजाच्या पाठिंब्यावर. ३१ जानेवारी १९०८ ला राजाने एका हुकमावर सही केली, राजकीय कैद्यांना थेट वसाहतींत पाठवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजघराणं लिस्बनला परतलं, नदीकाठच्या मोठ्या चौकातून उघड्या घोडागाडीतून जात होतं, आणि बुइसा नावाच्या माणसाने कोटाखालून बंदूक काढली. राजा तिथेच गेला, युवराजही गेला, धाकट्या मॅन्युएलच्या हाताला गोळी लागली, आणि राणी अमेलिया उभी राहून हातातल्या फुलांच्या गुच्छाने मारेकऱ्याला मारत होती. फुलांनी! बुइसा आणि त्याचा साथीदार, दोघंही मारेकरी जागीच मारले गेले.

तर असा हा मॅन्युएल अठराव्या वर्षी राजा झाला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या हातात काय होतं? ३ ऑक्टोबर १९१० च्या रात्री तो ब्राझीलच्या निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना मेजवानी देत होता, आणि त्याच रात्री बंड सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्याच्याच नौदलाच्या युद्धनौकांनी त्याच्याच राजवाड्यावर तोफा डागल्या. तो पळून माफ्राला गेला.

आणि आता तो झेंडा. ५ तारखेच्या सकाळी एक जर्मन राजनैतिक अधिकारी मध्ये पडला, म्हणाला थोडा वेळ गोळीबार थांबवा, आमच्या परदेशी लोकांना बाहेर काढायचंय, आणि पांढरा झेंडा घेऊन रस्त्यावरून निघाला. लोकांनी तो बघितला आणि समजले की राजाच्या सैन्याने हार मानली. झालं, सगळे घराबाहेर, सैनिकांच्या गळ्यात गळे, आणि ज्या सैन्याने हार मानलीच नव्हती त्याला आता एवढ्या गर्दीत लढणं शक्यच नव्हतं. सकाळी नऊच्या सुमारास महापालिकेच्या बाल्कनीतून प्रजासत्ताक जाहीर झालं. उरलेल्या देशाला ही बातमी तारेने कळली, म्हणजे क्रांती लिस्बनमध्ये झाली आणि बाकीच्यांना ती पोस्टाने आली असं म्हटलं तरी चालेल. राजा एरिसेरा नावाच्या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरून होडीत बसून यॉटवर चढला, जिब्राल्टरला गेला, तिथून इंग्लंड, आणि १९३२ मध्ये तिथेच वारला.

त्या यॉटवर त्याचा काका आफोंसोपण होता. हा काका आपल्याकडच्या इतिहासात आहे बरं का, १८९५ मध्ये गोव्यात सैनिकांचं आणि राणे घराण्याचं बंड झालं, ते मोडायला लिस्बनहून जी फौज आली तिच्याबरोबर हेच साहेब आले होते.

आता प्रजासत्ताक आल्यावर काय झालं? कायदे तर धडाधड निघाले. एका महिन्यात घटस्फोटाचा कायदा, एप्रिल १९११ मध्ये चर्च आणि सरकार वेगळं. पण माझं मत विचाराल तर या लिस्बनच्या शिकलेल्या मंडळींना स्वतःच्याच लोकांची भीती वाटत होती. दर चारातले तीन लोक निरक्षर, खेडी पाद्र्यांचं ऐकणारी, त्यांना मत दिलं तर ते राजालाच परत आणतील, अशी धास्ती. १९११ मध्ये कायद्यात लिहिलं होतं, साक्षर किंवा कुटुंबप्रमुख असाल तर मत. पुरुषच पाहिजे असं कुठे लिहिलंच नव्हतं, मग डॉक्टर कारोलिना बेआत्रिस आंजेलो, विधवा, एक मुलगी पदरात, त्या म्हणाल्या मीच माझ्या घराची प्रमुख. कोर्टात गेल्या, जिंकल्या, मत दिलं. यावर प्रजासत्ताकाने काय केलं असेल? १९१३ मध्ये कायद्यात ‘पुरुष’ घातलं, आणि निरक्षरांचंही मत काढून घेतलं. मतदार राजेशाहीत होते त्याहून कमी झाले! मतपेटीतून काही बदलता येत नसेल तर माणसं बंदूक उचलतात, आणि तेच झालं, सोळा वर्षांच्या आत पंचेचाळीस सरकारं. राष्ट्राध्यक्ष सिदोनिओ पाइस यांना १९१८ मध्ये लिस्बनच्या स्टेशनवर गोळ्या घातल्या. १९१९ मध्ये पोर्तो शहरात राजेशाहीवाल्यांनी जवळपास महिनाभर राजाचं राज्य परत आणलं, राजा मात्र इंग्लंडमध्येच.

आणि तो मशादो सांतोस? १९ ऑक्टोबर १९२१ च्या रात्री बंडखोर खलाशी आणि सैनिक एका ट्रकमधून लिस्बनभर फिरत होते, घरातून एकेकाला उचलत होते. माजी पंतप्रधान झालेले ग्रांजो त्याच रात्री मारले गेले, आणि रोटुंडाचा हा हिरोही. ज्या प्रजासत्ताकासाठी तो एकटा चौकात थांबला होता, त्याच्याच सैनिकांनी त्याला मारलं. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला, पुढे तोच हुकूमशहा, आणि ती हुकूमशाही १९७४ पर्यंत चालली.

पण गोव्यात मात्र गंमत वेगळी झाली. आल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये, म्हणजे बरोबर चारशे वर्षं झाली होती, आणि तोपर्यंत राज्याचा धर्म कॅथलिक, हिंदूंना वरच्या सरकारी नोकऱ्यांची दारं जवळजवळ बंद. प्रजासत्ताकाने सरकार धर्मापासून वेगळं केलं आणि कागदावर तरी सगळे सारखे झाले. लगेच मराठी शाळा, वाचनालयं, वर्तमानपत्रं. १९१२ मध्ये गोविंद पुंडलीक हेगडे देसाईंनी ‘भारत’ काढलं, म्हणून तर त्यांना भारतकार म्हणतात. हे सुख वीसेक वर्षंच टिकलं, १९३० मध्ये सालाझारने वसाहतींसाठी वेगळा कायदा आणून गोवेकरांना परत दुय्यम केलं, आणि गोव्यातले नेते मिनेझिस ब्रागांझा यांनी गोव्याच्या कौन्सिलमध्ये त्याविरुद्ध ठराव मांडला.

एक गोष्ट मात्र सालाझारलाही पुरून उरली, आणि १९६१ नंतरही राहिली. आज गोव्यात घटस्फोटाची केस चालते ना, तिथे अजूनही ३ नोव्हेंबर १९१० च्या कायद्याचा आधार घेतात, म्हणजे राजा पळाल्यावर महिन्याभरात केलेला कायदा. गोव्यातले कोणी वकील बघत असतील तर कमेंटमध्ये सांगा, कोर्टात हा मूळ पोर्तुगीजमधून वाचावा लागतो की भाषांतरावर भागतं?