भंगारातला पॉवर कॅपॅसिटर घरी आणण्याआधी

तर मंडळी, कुर्ल्याच्या भंगारात सबस्टेशनमधून निघालेला मोठ्ठा कॅपॅसिटर (चार्ज साठवणारा डबा) किलोच्या भावाने मिळतो आणि आपल्यातल्या पोरांना वाटतं, चला टेस्ला कॉइलचं (हाय व्होल्टेजच्या लांब ठिणग्या पाडणाऱ्या कॉइलचं) काम झालं. थांबा जरा. आधी नेमप्लेट वाचा, आणि ती खरवडलेली असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

समजा 100 केव्हीएआर (म्हणजे 1 लाख व्हीएआर, कॅपॅसिटरची रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर), 7.3 केव्ही, 50 हर्ट्झ असं लिहिलंय. व्हीएआरला 314 ने (2π गुणिले 50) भागायचं, मग व्होल्टेजच्या वर्गाने भागायचं, साधारण 6 मायक्रोफॅरड येतात. आता 7.3 हा आरएमएस आकडा, म्हणजे एसीचा परिणामी व्होल्टेज, पीक जातो 10.3 केव्हीवर, म्हणजे फुल चार्ज झाल्यावर आत 320 जूल बसलेत. हॉस्पिटलमधला डिफिब्रिलेटर जास्तीत जास्त 360 देतो, तोसुद्धा डॉक्टर समोर असताना. हे गणित केल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, माझं हे अगदी ठाम मत आहे.

आत डिस्चार्ज रेझिस्टर असतो, साधारण दहा मिनिटांत व्होल्टेज 75 व्होल्टच्या खाली आणायला, पण तो ओपन झालेला (आतून तुटलेला) असला तर बाहेरून काही कळत नाही. म्हणून इन्सुलेटेड रॉडच्या टोकाला रेझिस्टर लावून आधी डिस्चार्ज करा, मग दोन्ही बुशिंगवर (वायर जोडायच्या इन्सुलेटेड टोकांवर) जाड वायर आवळून ठेवा आणि काम नसेल तेव्हा ती काढूच नका, कारण शॉर्ट काढला की डायइलेक्ट्रिकमध्ये (आतल्या प्लेटांमधल्या इन्सुलेशनमध्ये) अडकलेला चार्ज हळूहळू परत वर येतो, आणि कोपऱ्यात महिनाभर पडलेला डबासुद्धा झटका देऊ शकतो. पावसाळ्यात तर बुशिंगवर ओल आणि खाऱ्या हवेचा थर बसतो, पुसून कोरडं केल्याशिवाय हाय व्होल्टेज लावायचंच नाही.

तेल गळत असेल तर हातच लावू नका. जुन्या डब्यांत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी रसायन असू शकतं, आणि 2016 च्या आदेशाप्रमाणे आपल्याकडे 31 डिसेंबर 2025 नंतर त्याचा वापर पूर्ण बंद आहे. तो डबा ड्रिलने उघडून बघायचा विचारसुद्धा नको.

आणि टेस्ला कॉइल? त्याला हा कॅपॅसिटर मुळात चालतच नाही हो. नॉर्मल चालताना त्यातून जेमतेम 14 अँपिअर जातात, तो 50 हर्ट्झसाठी बनवलाय, दोनेकशे किलोहर्ट्झला त्याचे लॉस वाढतात, आतलं इंडक्टन्स आडवं येतं, आणि डायरेक्ट स्पार्क गॅपवर (ठिणगी उडायच्या फटीवर) टाकलात तर हजारो अँपिअरचा पल्स आतले फ्यूज नि कनेक्शन खाऊन टाकतो. त्यापेक्षा लॅमिंग्टन रोडवरून छोटे पल्स रेटिंगचे पॉलिप्रॉपिलीन फिल्म कॅपॅसिटर घ्या, सिरीज-पॅरलल बँक बनवा, प्रत्येकावर 10 मेगाओमचा ब्लीडर (उरलेला चार्ज काढून टाकणारा रेझिस्टर) टाका, पण तो सिंगल रेझिस्टर न घेता दोन-तीन सिरीजमध्ये जोडून घ्या, कारण साध्या रेझिस्टरला एवढं व्होल्टेज सोसत नाही.