हजारामागे सहा

रात्री अकराच्या सुमारास कामावरून खोलीवर परतलेला तरुण अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलमधल्या डेटिंग ॲपवर अंगठा उजवीकडे, म्हणजे पसंतीच्या बाजूला, सरकवत राहतो. समोर येणाऱ्या मुलीचे नाव, वय, तिने स्वतःविषयी लिहिलेल्या दोन ओळी, यांपैकी तो काहीही वाचत नाही; जिचा होकार येईल तिचे नंतर वाचू, असा त्याचा हिशेब आहे.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच हिशेब दिसला. त्यांनी टिंडर या डेटिंग ॲपवर स्त्री-पुरुषांची बनावट प्रोफाइल्स तयार केली आणि समोर येईल त्याला पसंती दिली. स्त्रियांच्या प्रोफाइल्सना शंभर पसंत्यांमागे सुमारे दहा मॅच (दोन्ही बाजूंची पसंती जुळणे) मिळाले, पुरुषांच्या प्रोफाइल्सना हजारामागे सहा. होकार येत नाही म्हणून पुरुष सरसकट पसंती देत सुटतात, आणि आपण ज्याला पसंत करू तो बहुधा जुळतोच हे लक्षात आल्यावर स्त्रिया अधिक चोखंदळ होतात, त्यामुळे पुरुषांचे होकार आणखी घटतात. मॅच झाल्यावर पुरुषांचा संदेश साधारण बारा अक्षरांचा असे, म्हणजे ‘हाय, कशी आहेस’ एवढाच. स्त्रियांचा संदेश त्याच्या दसपट लांब असे.

अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटर या जनमत-संशोधन संस्थेने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत, वर्षभरात ऑनलाइन डेटिंग केलेल्या ६४ टक्के पुरुषांना संदेश येत नाहीत म्हणून असुरक्षित वाटले होते, तर ५४ टक्के स्त्रियांना आलेल्या संदेशांच्या संख्येनेच दडपून जायला झाले होते. उपेक्षेचे दुःख खरे आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये. परंतु ऑनलाइन डेटिंग केलेल्या पन्नाशीखालच्या स्त्रियांपैकी ५६ टक्क्यांना न मागता अश्लील मजकूर किंवा चित्रे आली होती, आणि ही भीती त्या दुःखाच्या पारड्यात टाकून तोलता येणार नाही.

स्त्रियांची अशीच भीती ओळखून बम्बल या डेटिंग ॲपने २०१८ मध्ये भारतात येताना, पहिला संदेश स्त्रीनेच पाठवायचा या आपल्या तेव्हाच्या नियमाबरोबर, येथील स्त्रियांना नावाचे केवळ आद्याक्षर दाखवण्याची मुभा दिली.

पुण्यात पहिल्या भेटीला निघालेली तरुणी रिक्षात बसताच मैत्रिणीला लाइव्ह लोकेशन पाठवते. कॅफे तिनेच निवडला आहे, वेळ दुपारची ठेवली आहे. तासाभराने मैत्रिणीचा फोन येईल, आणि तो तिने उचलला नाही तर काय करायचे, हेही दोघींचे ठरलेले आहे.