पापं पदरी घेताना

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘पापांची कबुली थेट देवापाशी की धर्मगुरूपाशी’. त्याआधी एका शब्दापाशी थांबू द्या. योहानाचं पहिलं पत्र, १:९. आपल्या मराठी बायबलात तिथं ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ असं आहे. नुसती ‘सांगितली’ नव्हे, पदरी घेतली. पदर ज्याचा त्याचाच असतो. ‘नवऱ्याचा स्वभाव तसा, म्हणून मी चिडले’ असं म्हटलं की पाप नवऱ्याच्या पदरात जातं आणि कबुली तिथंच फसते. मग ती फादरांपुढची असो की घरातल्या कोपऱ्यातली.

आता कबुलीची लाकडी पेटी, म्हणजे चर्चमधली ती जागा जिच्यात बसून धर्मगुरू कबुली ऐकतात. या वादात दोन्ही बाजू आधी तीच पुढे करतात, म्हणून तिचा हिशेब सांगतो. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काही शतकांत पेटी नव्हती. खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा पापांना बिशपांसमोर, सगळ्या मंडळीच्या देखत प्रायश्चित्त असे, तेही आयुष्यात एकदाच. परिणाम काय झाला? लोक ते मरणाच्या खाटेपर्यंत लांबवू लागले! सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी आणि पुनःपुन्हा घेता येणारी कबुली युरोपभर नेली. त्यांच्या वह्यांत कुठल्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहायचं, हेही लिहिलेलं असे. १२१५च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे चर्चच्या धर्मसभेनं, वर्षातून एकदा कबुलीची सक्ती केली. जाळीची पेटी आली ती थेट सोळाव्या शतकात, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या आग्रहानं. कबुली द्यायला आलेल्या स्त्रिया आणि धर्मगुरू यांच्यात अंतर राहावं, कुणाला संशयाला जागा मिळू नये, हा हेतू. कबुली जुनी, पेटी नवी. पेटीवर भांडून मूळ प्रश्नाला हातच लागत नाही.

कॅथलिक रीत नीट समजून घ्या. आधी विवेकाची झडती, मग पश्चात्ताप, मग कबुली; गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह. त्यानंतर पापमुक्तीचं वचन आणि शेवटी प्रायश्चित्त. गंभीर पाप जाणूनबुजून लपवलं तर सगळी कबुली निष्फळ. खरोखर विसरलं तर ती वैध. आठवल्यावर पुढच्या वेळी सांगायचं. चोरी केली असेल तर माल परत करण्याची तयारी हवी, नुसती प्रार्थना पुरत नाही. फोनवर पापमुक्ती नाही. आणि ऐकलेलं फोडणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

चिठ्ठी आली, वेळ थोडा आहे. मुख्य मुद्दा भराभर घेतो.

कॅथलिक योहान २०:२३ दाखवतात: येशूनं प्रेषितांना क्षमेचा अधिकार दिला. प्रॉटेस्टंट १ तीमथ्य २:५ दाखवतात: देव आणि मानव यांच्यात मध्यस्थ एकच. मात्र प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरनं खाजगी कबुली मोडीत काढली नाही. त्याच्या अनुयायांच्या श्रद्धेचा जाहीरनामा, म्हणजे १५३०चा ऑग्सबर्ग कबुलीनामा; त्याचं अकरावं कलम ती राखायला सांगतं. नाकारतं ते एकेक पाप मोजण्याची सक्ती. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा माणूस बहुधा ख्रिस्ताच्या मूर्तिचित्रासमोर उभा राहतो आणि धर्मगुरू साक्षीदार म्हणून बाजूला. क्षमा देवच करतो, यावर सगळे एकमत आहेत. भांडण आहे ते निकाल मोठ्यानं कोणी उच्चारायचा याचं. पश्चिमेत ‘देव तुला क्षमा करो’ ही जुनी विनंती होती. ‘मी तुला पापमुक्त करतो’ हे वाक्य तेराव्या शतकाच्या सुमारास रूढ झालं.

वांद्र्याच्या माउंट मेरी या कॅथलिक चर्चमध्ये ‘मी तुला पापमुक्त करतो’ हे वाक्य अपेक्षितच आहे. पण फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८पासूनचं, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचं. त्या परंपरेचं १६६२चं प्रार्थनापुस्तक उघडा. रविवारी सगळे मिळून देवापाशी कबुली देतात, हे तर आहेच. आजाऱ्याच्या भेटीचा विधी काढा: मन जड असेल तर त्यानं पाप खाजगीत सांगावं, असं तिथं आहे, आणि त्याखाली धर्मगुरूनं म्हणायचं तेच वाक्य छापलेलं आहे.