बोत्सवाना: हिऱ्यांचा पैसा आणि घरखर्च

पडद्यावर दिसते आहे ती ज्वानेंगची हिऱ्यांची खाण. सेत्स्वाना भाषेत या नावाचा अर्थ होतो ‘बारीक खड्यांची जागा’. १९८२ साली सुरू झालेल्या या खाणीने बोत्सवानाला रस्ते, शाळा आणि दवाखाने दिले. पण खाण आहे म्हणून हे सगळे आपसूक घडले, असे मुळीच नाही.

३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा साऱ्या देशात जेमतेम १२ किलोमीटर डांबरी रस्ता होता आणि सरकारचा रोजचा खर्च भागवायलासुद्धा ब्रिटनचे अनुदान लागत होते. पुढच्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. तो प्रदेश अध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या बामांग्वाटो जमातीचा. तरीही जमिनीखालची संपत्ती एका जमातीची नसून अवघ्या देशाची आहे, ही भूमिका त्यांच्या सरकारने कायद्यात उतरवली. आफ्रिकेत खनिजांवरून झालेला रक्तपात आठवला, म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

त्यानंतर अर्थखात्याने हळूहळू एक शिस्त बसवली. हिरे विकून येणारा पैसा ही कमाई नव्हे, ती जमिनीतली ठेव मोडणे आहे. आणि शेत विकून आलेल्या पैशावर घरखर्च चालवायचा नसतो. म्हणून खनिजांचा पैसा टिकाऊ कामांवर खर्च करायचा, नेहमीचा खर्च इतर करांतून भागवायचा आणि उरेल ते बाजूला ठेवायचे, असा दंडक पडला. त्या शिलकीसाठी १९९४ साली ‘पुला फंड’ उभा राहिला. पुला हे तिथल्या चलनाचे नाव, आणि त्याचा मूळ अर्थ पाऊस.

या शिस्तीतच एक सैल जागा होती. शिक्षण आणि आरोग्यावरचा चालू खर्चही ‘गुंतवणूक’ म्हणून धरला जात असे. माणूस शिकवणे आणि जगवणे ही गुंतवणूक आहेच, याबद्दल वाद नाही. परंतु इमारत एकदा बांधून होते, शिक्षकाचा पगार आणि दवाखान्यातली औषधे यांना मात्र दर महिन्याला पैसा लागतो, आणि तो पैसा हिऱ्यांच्या बाजारावर टांगलेला राहिला.

प्रयोगशाळेत तयार होणारे स्वस्त हिरे आले, मागणी घटली आणि २०२४ मध्ये बोत्सवानाची अर्थव्यवस्था आकसली. त्याच वर्षी, ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरला.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांतील औषधांचा साठा संपत आला, तेव्हा नवे अध्यक्ष डुमा बोको यांना सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. २५ कोटी पुला एवढ्या रकमेची तातडीची तरतूद झाली आणि हिऱ्यांच्या पैशातून बांधलेल्या रस्त्यांवरून, लष्कराच्या देखरेखीखाली, औषधांचे ट्रक राजधानी गॅबोरोनहून दूरच्या गावांकडे निघाले.