किती किलोवॅटचा घेऊ?

नमस्कार. इलेक्ट्रिक गाडी घेतलेला किंवा घेऊ घातलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "घरी किती किलोवॅटचा चार्जर बसवू?" प्रश्न रास्त आहे, पण तो चौथा-पाचवा यायला हवा. त्याच्या आधीच्या प्रश्नांबद्दल मी आज जास्त बोलणार आहे. पैसे वाया जातात ते तिथे, आणि वायरिंग जळतं तेही तिथेच.

घरचा चार्जर म्हणजे भिंतीवरचा तो डबा नेमकं काय करतो, इथून सुरुवात करू. घरात येणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी; बॅटरीला हवी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. ही बदलाबदल करणारं यंत्र गाडीच्या आतच बसवलेलं असतं, त्याला ऑनबोर्ड चार्जर म्हणतात. हमरस्त्यावरचे मोठे डीसी चार्जर त्याला वळसा घालून थेट बॅटरीला वीज देतात, घरचा डबा तसं करत नाही. त्याचं काम वीज गाडीपर्यंत पोचवणं, गाडीशी बोलणं आणि काही बिनसलं की तोडणं.

बोलणं म्हणजे अगदी खरोखरचं बोलणं. गाडीत खोचायच्या प्लगला गन म्हणतात. टाइप 2 किंवा टाइप 1 जातीच्या गनमध्ये मुख्य पिनांशिवाय एक बारीक पिन असते, तिला कंट्रोल पायलट म्हणतात. गन मोकळी असताना त्या पिनेवर 12 व्होल्ट असतात. गाडीत खोचली की गाडी ते 9 वर ओढते, म्हणजे "मी आले". मग डबा सेकंदाला हजार ठोक्यांचा एक चौकोनी सिग्नल सोडतो. त्यातला किती टक्के वेळ सिग्नल चालू आहे, त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर ओढायची मुभा आहे. साधारण 27 टक्के म्हणजे 16 अँपिअर, 53 टक्के म्हणजे 32. गाडी तयार झाली की व्होल्टेज 6 वर आणते आणि मग डब्यातला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा मोठा स्विच, खट्ट करून बसतो. तो आवाज तुम्ही ऐकला असेल. त्याआधी गनच्या जाड पिनांवर वीज नसतेच, त्यामुळे पावसात गन हातात धरायला एवढं घाबरायचं कारण नाही.

आता यातून निघणारा मुद्दा पाहा. डबा फक्त कमाल मर्यादा सांगतो. त्या मर्यादेच्या आत किती घ्यायचं ते गाडी ठरवते. गाडीचा ऑनबोर्ड चार्जर 7.4 किलोवॅटचा सिंगल फेज असेल आणि तुम्ही 22 किलोवॅटचा थ्री फेज डबा टांगलात, तर गाडी तीनपैकी एकाच फेजवरून 7.4 घेईल. उरलेले दोन फेज नुसते शोभेला. उलटंही होतं. गाडी 11 किलोवॅटची आहे, म्हणजे तीन फेजवर प्रत्येकी 16 अँपिअर, पण घरी सिंगल फेज. अशा वेळी पुष्कळ गाड्या 3.7 वरच थांबतात. काही मात्र एकाच फेजवर 32 अँपिअर घेऊ शकतात. म्हणून जाहिरात बाजूला ठेवा आणि गाडीच्या माहितीपुस्तकात दोन आकडे शोधा: एसी चार्जिंगची कमाल मर्यादा सिंगल फेजवर किती, थ्री फेजवर किती. बस.

दुसरा प्रश्न गरजेचा. रोज 40 किलोमीटर गाडी फिरते असं धरा. किलोमीटरला दीडशे वॅट-तास खर्च झाले तर दिवसाचे 6 युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). 230 व्होल्टच्या साध्या सॉकेटवर 10 अँपिअरने ते तीन तासांत भरतात. गाडी रात्रभर उभीच असते, मग घाई कोणाला आहे? पण 60 युनिटची बॅटरी 10 टक्क्यांवरून पूर्ण भरायची म्हटली, तर त्याच सॉकेटवर 26 तास लागतील आणि 7.4 किलोवॅटवर आठ. माझ्या मते बहुतेक घरांना सात-साडेसात किलोवॅट पुरून उरतात. त्यापुढचा आकडा हा बहुधा हौसेचा भाग असतो, आणि हौसेला माझी हरकत नाही, फक्त तिला गरज म्हणू नये.

सॉकेटवर हळू भरण्यात थोडी वीज मात्र जास्त जाते. चार्जिंग चालू असताना गाडीचे संगणक, पंप जागे असतात. त्यांना अडीचशे वॅट लागतात असं समजा. 2.3 किलोवॅटमधून ते गेले तर दहावा हिस्सा गेला, 7.4 मधून गेले तर तीन-साडेतीन टक्के. जास्त फिरणाऱ्याने हा हिशेब करून बघावा.

आता घर. तुमच्या जोडणीचा मंजूर भार किती आहे आणि रात्री त्यातला किती वापरात असतो, हे आधी बघा. एअर कंडिशनर, गिझर आणि गाडी एकाच वेळी चालली तर मुख्य एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडेल का? पडणार असेल तर भार वाढवून घ्यायचा, नाहीतर लोड बॅलन्सिंग असलेला डबा घ्यायचा. त्यात मीटरजवळच्या मुख्य वायरीवर करंट मोजणारी एक कडी बसवतात, तिला सीटी म्हणतात. घराचा वापर चढला की डबा गाडीचा करंट उतरवतो, घर शांत झालं की परत चढवतो. मघाचा तो टक्केवारीचा सिग्नल इथे कामाला येतो. ॲप, वायफाय, रंगीत दिवे यांच्यापेक्षा ही एक सोय मी आधी मागेन.

वायरिंगवर थोडं थांबतो. मिक्सर, इस्त्री, गिझर हे भार येतात आणि जातात. गाडी 32 अँपिअर सात-आठ तास अखंड ओढते, घरात असं दुसरं काही नसतं. अमेरिकेतल्या वायरिंग नियमांत अशा सलग भारासाठी सव्वापट क्षमता धरतात, म्हणजे 32 अँपिअरला 40 चा ब्रेकर. त्यामागचं कारण साधं आहे. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. टर्मिनलचा एक स्क्रू नीट आवळलेला नाही आणि तिथे 0.1 ओहमचा रोध आहे असं समजा. 10 अँपिअरला तिथे 10 वॅट जळतील, कोणाच्या लक्षातही येणार नाही. 32 अँपिअरला शंभर वॅट! सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, अशी चार त्या एका स्क्रूवर टेकवल्यासारखं झालं. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण करंट मर्यादेतच आहे. म्हणून डब्यासाठी थेट मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढा, अंतर लांब असेल तर एक माप जाड घ्या, आणि मध्ये कुठेही जोड नको. एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नावही काढू नका.

आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, घरात आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच्या तोंडावर एक छोटं चिन्ह छापलेलं असतं. चौकटीत फक्त एक नागमोडी लाट असेल तर तो एसी टाइपचा. गाडीतून कधी सरळ डीसी गळती झाली तर असा आरसीसीबी आंधळा होतो, खरी गळती आली तरी पडत नाही. ए टाइप 6 मिलिअँपिअरपर्यंतची डीसी गळती सोसतो. त्यामुळे एकतर डब्यात 6 मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय हवी आणि वर ए टाइप, नाहीतर सरळ डीसी गळतीही ओळखणारा बी टाइप. विकणाऱ्याला हे विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर दुसऱ्याकडे जा.

अर्थिंग खराब असेल तर चांगला डबा चार्जिंग सुरूच करत नाही, लाल दिवा लावून बसतो. मग कोणीतरी हुशार माणूस प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो. दिवा हिरवा होतो, सगळे खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की घरातल्या इतर उपकरणांतून फिरून आलेला फेज थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. हात लावणाऱ्याचं काय होईल हे मी सांगायला नको. अर्थ नसेल तर अर्थ करून घ्या, दुसरा उपाय नाही.

हे सगळं झालं की डब्याची निवड सोपी उरते. बाहेर पावसात लावायचा तर किमान आयपी 54, शक्यतो 65 (आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती अडवतो त्याची श्रेणी). केबल जोडलेला घ्यायचा की सॉकेटवाला, हा सवयीचा प्रश्न. केबलची लांबी मात्र गाडी जागेवर लावून, चार्जिंगचं झाकण उघडून, दोरी टाकून मोजा. झाकण पुढे आहे की मागे, डावीकडे की उजवीकडे, यावर दोन-तीन मीटर सहज फिरतात. आणि उरलेली केबल घट्ट वेटोळं करून ठेवू नका, आतली उष्णता बाहेर पडत नाही.

बसवून झाल्यावर वायरमनला लगेच जाऊ देऊ नका. पूर्ण करंटवर तासभर गाडी लावा आणि मग एमसीबीच्या बाहेरच्या अंगाला, गनच्या मुठीला, प्लग असेल तर त्याला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करून त्याला तुमच्यासमोर टर्मिनल उघडायला लावा. महिन्याभराने मुख्य स्विच बंद करून सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या, कारण तापून आणि निवून ते थोडे ढिले पडतात.