अश्वप्रशिक्षकांच्या कर्तृत्वाची नोंद

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आपल्या पुण्या-मुंबईतल्या शर्यतीच्या घोड्यांच्या प्रशिक्षकांचे कर्तृत्व कसे नोंदवावे आणि त्याचा गौरव कसा करावा, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले, याबद्दल आभार मानतो. माझ्याकडे काही निश्चित सूचना आहेत आणि त्या मी उत्तरार्धात मांडणार आहे. समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या हातात मी वर्षानुवर्षे कोलचे पुस्तक, म्हणजे शर्यतींची माहिती देणारी पुस्तिका, पाहिले आहे. त्यामुळे १८३० साली सुरू झालेले आपले रेसकोर्स, १८८३ सालचे मुंबईचे महालक्ष्मी, पावसाळ्यात इथे आणि नोव्हेंबरपासून तिकडे चालणारा हंगाम, ही ओळख करून देण्यात मी वेळ घालवत नाही.

हंगामाच्या अखेरीस अव्वल प्रशिक्षक ठरतो तो जिंकलेल्या शर्यतींच्या संख्येवर. ही संख्या खोटी नाही, पण तिच्यातून प्रशिक्षकाचे काम दिसत नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. ज्याच्या पागेत शंभर घोडे आहेत, त्यांपैकी निम्मे उत्तम स्टड फार्मवर जन्मलेले आहेत आणि मालकांची ऐपत भक्कम आहे, त्याच्या विजयांशी आपण पंधरा घोड्यांच्या पागेतले विजय एकाच स्तंभात मोजतो. त्या पंधरांतले पाच-सहा घोडे दुसऱ्या पागेने नाकारलेले असतात, एखाद्याचा स्नायुबंध दुखावलेला असतो, एखादा सात वर्षांचा होऊन सर्वांत खालच्या वर्गात उतरलेला असतो. त्याला पुन्हा धावता करणे आणि दुखापत न होता हंगाम पार पाडणे हे काम किती मोठे आहे, ते पहाटे साडेपाचला ट्रॅकवर उभे राहणाऱ्यालाच कळते.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. तिथे हाड, स्नायुबंध आणि त्यांवर ताणलेली कातडी एवढेच असते, आणि रक्तपुरवठाही बेताचाच. साडेचारशे-पाचशे किलोंचे शरीर भरधाव असताना सगळा भार क्षणभर एकाच पायावर येतो. तिथला स्नायुबंध फाटला, तर तो भरून यायला बऱ्याचदा नऊ महिने ते वर्ष लागते आणि भरला तरी पूर्वीसारखा लवचीक राहत नाही. म्हणून जाणता प्रशिक्षक सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक घोड्याच्या चारही पायांवरून हात फिरवतो. नळीवर किंचित ऊब लागली, काल नव्हती ती बारीकशी सूज बोटांना जाणवली, की त्या दिवशीचे वर्क, म्हणजे सरावाची दौड, रद्द होते. हे यंत्राच्या आधी हाताला कळते, आणि तो हात तयार व्हायला आयुष्यातली बरीच वर्षे जातात. मालक दूरध्वनीवर विचारत असतो की घोडा रविवारी का धावत नाही, आणि प्रशिक्षकाकडे सांगण्यासारखे फक्त 'पाय कोमट लागला' एवढेच असते. न धावलेल्या त्या शर्यतीची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. माझ्या मते मात्र प्रशिक्षकाचे निम्मे कर्तृत्व अशा न धावलेल्या शर्यतींत असते.

दुसरी गोष्ट वेळेची. आपल्या पाच क्लासिक, म्हणजे सर्वांत मानाच्या, शर्यतींपैकी १००० आणि २००० गिनीज डिसेंबरात मुंबईला होतात, १६०० मीटरवर. ओक्स आणि डर्बी त्यानंतर, २४०० मीटरवर. डर्बी बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. सेंट लेजर सप्टेंबरात पुण्याला, २८०० मीटरवर. म्हणजे ज्या घोड्याला २००० गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही जिंकून तिहेरी मुकुट मिळवायचा, त्याने हिवाळ्यातल्या कोरड्या ट्रॅकवर एक मैलाचा वेग दाखवायचा, दोन महिन्यांत दीड मैलाचा दम भरायचा, मग उन्हाळ्यात देह सांभाळून पुण्याच्या पावसाळी ट्रॅकवर, जिथे जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा दर आठवड्याला बदलतो, त्याहून लांब पळायचे. हा बदल चाबकाने होत नाही. सकाळच्या वर्कमध्ये ६०० मीटर अडतीस सेकंदांत पळणाऱ्या घोड्याला छत्तीसमध्ये पळता येते हे ठाऊक असताना ते दोन सेकंद शर्यतीच्या दिवसासाठी राखून ठेवणे, हा प्रशिक्षकाचा संयम आहे. दुर्बीण आणि स्टॉपवॉच घेऊन बसणारे अनेकदा या संयमालाच घोड्याची सुस्ती समजतात.

थोर नावे आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. रशीद बैरामजी यांच्या नावावर बारा इंडियन डर्बी आहेत. त्यांच्या पागेतला स्क्वॉन्डरर एकोणीस शर्यतींपैकी अठरा जिंकला, आणि त्याच्या पाठीवर वसंत शिंदे असत, हे सांगताना मराठी माणूस म्हणून मला आजही आनंद होतो. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून शंभराहून अधिक क्लासिक जिंकल्या आणि मग प्रशिक्षक म्हणूनही अग्रस्थान मिळवले. खोगिरावर बसून मिळवलेले ज्ञान खाली उतरून वापरता येणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. परंतु शिखरांवरची ही दोन-चार नावे घेऊन आपण थांबतो, आणि एम्प्रेस गार्डनच्या आसपासच्या पागांत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांच्याविषयी कुठे एक परिच्छेदही सापडत नाही.

अशाच एका प्रशिक्षकाची हकिगत मला सविस्तर सांगायची आहे. व्यासपीठावरून माझे नाव घेऊ नका, ही अट त्यांनीच मला घातली होती आणि ती मी पाळतो. या पेशातला हा संकोचही नोंदी न होण्याचे एक कारण आहे. पागेत सगळे त्यांना साहेब म्हणत, आपणही तेच म्हणू.

साहेबांकडे एक तीन वर्षांची बदामी घोडी आली. आधीच्या पागेने तिच्यावर हात टेकले होते, कारण शर्यत जिथून सुटते त्या गेटमध्ये ती शिरायलाच तयार नव्हती. शिरली तर लाथा झाडून स्वतःला जखमी करून घेई. स्टार्टरने, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याने, तिच्यावर बंदी घातली होती आणि गेटची परीक्षा समाधानकारक दिल्याशिवाय तिला शर्यतीत प्रवेश नव्हता. रात्रभर ती खोलीत फेऱ्या घाली, सकाळपर्यंत घामाने भिजलेली असे, आणि ओट्स, कोंडा, लसूणघास सगळे तसेच पडलेले असे. साहेबांनी पहिल्यांदा काय केले असेल, तर तिच्यावर बसणेच बंद केले. तिची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने तिला हाताने फिरवायचे, बाकी काही नाही. मालकाला हे पटेना, पण त्याने घोडी काढून नेली नाही, हे त्याचेही मोठेपण.

तो मोतद्दार सातारा जिल्ह्यातला होता. त्याने सुचवले की हिला एकटेपणा सोसवत नाही, हिच्याजवळ एक शेळी ठेवून पाहू. ही युक्ती जगभर जुनी आहे. तरी साहेब त्या सूचनेवर हसले नाहीत, दुसऱ्याच दिवशी शेळी आली. आठवड्याभरात घोडीच्या फेऱ्या थांबल्या, कारण फेऱ्या घातल्या की गवतात बसलेली शेळी उठून निघून जाई आणि ते घोडीला चालत नसे. पुढे तिने दाणा संपवायला सुरुवात केली. अर्थात त्यातला बराचसा शेळी संपवत होती, हे कळल्यावर शेळीसाठी वेगळे घमेले ठेवावे लागले. (हशा)

मग गेट. सगळे घोडे गेल्यावर, ट्रॅक शांत झाल्यावर, दोन्ही बाजूंनी उघड्या असलेल्या गेटमधून मोतद्दार तिला नुसता आरपार नेई. शेळी पलीकडच्या बाजूला बांधलेली असे. काही दिवसांनी घोडीला मध्ये थांबवून गाजर दिले जाऊ लागले. मग मागचे दार बंद, मग पुढचे, मग दोन्ही. ज्या दिवशी ती घाबरली, त्या दिवशी साहेब एक पायरी मागे आले; एकदाही जबरदस्ती झाली नाही. गेटवरची माणसे सुरुवातीला हसत होती, नंतर तीच विचारू लागली की शेळी कुठे आहे, आज उशीर का झाला. साहेबांचे खरे कौशल्य यापुढचे. शर्यतीच्या दिवशी शेळी गेटवर नेता येणार नाही, हे त्यांच्या पहिल्यापासून डोक्यात होते, म्हणून रोज शेळी थोडी लांब, थोडी लांब बांधली गेली, ती शेवटी पागेतच राहिली. घोडीला बदल जाणवला नाही. स्टार्टरची परीक्षा ती उत्तीर्ण झाली, आणि त्या पावसाळ्यात पुण्यात सर्वांत खालच्या वर्गातली १२०० मीटरची शर्यत तिने मानेभर अंतराने जिंकली. हंगामाच्या तक्त्यात साहेबांच्या नावासमोर या सगळ्याचा हिशेब 'एक' एवढाच लागला.

ही हकिगत मी एकदा लिहूनही काढली होती. शहराच्या क्रीडा-इतिहासावर एक स्मरणिका निघणार होती, तिच्यासाठी माझ्याकडे घोड्यांच्या शर्यतींवर लेख मागितला गेला. मी लेखाचा अर्धा भाग प्रशिक्षकांवर लिहिला. छापून आल्यावर पाहतो तो संपूर्ण भाग गाळलेला, आणि त्या जागी चषक हातात घेतलेल्या मालकांची छायाचित्रे. मी विचारणा केली, तेव्हा मला दोन कारणे सांगण्यात आली. पहिले, प्रशिक्षक हा खेळाडूही नव्हे आणि मालकही नव्हे, तेव्हा त्याला कोणत्या सदरात घालायचे. दुसरे, वाचक म्हणतील की तुम्ही जुगाराची भलामण करता. त्या दिवसाचे दुःख मी विसरलो नाही, कारण ही उत्तरे त्या एका संपादकाची नव्हती, ती आपल्या समाजाचीच आहेत.

पहिल्या कारणाचे उत्तर आपल्या मातीतच आहे. आखाड्यातल्या मल्लाचे नाव घेताना आपण त्याच्या वस्तादाचे नाव आधी विचारतो. मग जो आपल्या शिष्याशी शब्दाने बोलूही शकत नाही, कान, डोळे, श्वास आणि पायाची ऊब पाहूनच त्याचे मन ओळखतो, त्या वस्तादाला सदर मिळू नये का? दुसऱ्या कारणाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात १२ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे ठरवले, आणि तसे ठरवताना घोड्याने प्रशिक्षणातून मिळवलेला वेग आणि दम यांवर भर दिला. याचा अर्थ असा की हा सगळा उद्योग कायद्यासमोर ज्या खांबावर उभा आहे, तो प्रशिक्षकाच्या कौशल्याचा खांब आहे. पैजेबद्दल आपले मत काहीही असो. ज्याच्या कामामुळे हा खेळ कौशल्याचा ठरला, त्यालाच गौरवाच्या यादीबाहेर ठेवणे हा अन्याय आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटे उरली आहेत. तेव्हा सूचना थोडक्यात सांगतो.

विजयांच्या संख्येबरोबर रेटिंगमधली, म्हणजे घोड्याच्या कुवतीला दिलेल्या गुणांकातली, वाढ मोजावी. घोडा पागेत आला तेव्हाचे त्याचे रेटिंग आणि वर्षभरानंतरचे रेटिंग यांतला फरक शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या दप्तरात आजही उपलब्ध आहे. त्याची पागेनुसार सरासरी काढली, तर लहान पागेचे काम आपोआप दिसेल. त्याचबरोबर गेल्या हंगामातले किती घोडे या हंगामात सुदृढ स्थितीत पुन्हा धावले, याचे प्रमाण जाहीर करावे आणि दीर्घ दुखापतीनंतर घोडा परत आणणाऱ्या प्रशिक्षकासाठी स्वतंत्र सन्मान ठेवावा. शर्यतींना आणि चषकांना प्रामुख्याने संस्थानिकांची, मालकांची, कारभाऱ्यांची नावे आहेत; पुण्याच्या हंगामातल्या काही शर्यती दिवंगत स्थानिक प्रशिक्षकांच्या नावे धावाव्यात. सन्मानपत्रावर त्या घोड्याचा मोतद्दार, रोजच्या सरावात त्यावर बसणारा रायडिंग बॉय आणि नालबंद यांची नावे छापावीत, कारण माझ्या हकिगतीतली शेळी साहेबांनी आणलेली नव्हती.

शासनाच्या पुरस्कारांबद्दल बोलायचे, तर द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून आहे आणि त्याचे निकष खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय यशाशी बांधलेले आहेत. शर्यतीच्या घोड्याचा प्रशिक्षक त्यांत बसणे अवघड आहे, म्हणून राज्य पातळीवर वेगळा वर्ग मागावा लागेल. त्याचा मसुदा मी तयार केला आहे. तो वाचायला आता वेळ नाही, प्रती दाराशी ठेवल्या आहेत.

शेवटची सूचना सर्वांत तातडीची आहे. महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे, असा निर्णय २०२४ मध्ये झाला. जागा बदलतात तशा पागाही हलतील, आणि पागा हलल्या की वह्या रद्दीत जातात. वृद्ध प्रशिक्षकांच्या आणि मोतद्दारांच्या मुलाखती या वर्षीच ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुनी रेसबुके, वर्कच्या नोंदवह्या किंवा पागेतली छायाचित्रे असतील, त्यांनी आज जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत आपले नाव लिहावे. मूळ कागद आपल्याकडेच राहतील, आम्ही घरी येऊन प्रती काढून घेऊ.